जोडबार

तबकडीवर बंदूक चालवायला शिकत होतो त्या दिवसांत माझे कान कायम लाल असायचे. आईला वाटायचं, ऊन लागतं. ऊन कसलं, लाज होती. रविवारी सकाळी राऊ गावाच्या पुढल्या माळावर जी लागायची ती गुरुवारपर्यंत उतरायची नाही, आणि उतरते न उतरते तोच पुढचा रविवार उजाडायचा.

मध्यभारताची ती वर्षं. संस्थानं गेली होती आणि त्यांचं सामानसुमान लिलावात निघत होतं. मी शहरातल्या पोलोग्राउंड भागातल्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला होतो. आमच्या शेठजींनी अशाच एका लिलावात तबकड्या उडवायचं मशीन घेतलं. आपण काय घेतलं हे त्यांना ते घरी आणल्यावरच कळलं असावं. जमिनीत खड्डा, खड्ड्यात मशीन, मशीनला लोखंडी हात आणि दणकट स्प्रिंग. दोरी ओढली की तो हात सटकन फिरायचा आणि बशीएवढी काळी तबकडी माळावरून भिरभिरत जायची, कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी नाकासमोर. ती खाली यायच्या आत छर्ऱ्याच्या दुनळीनं हवेत फोडायची, एवढाच खेळ. तबकडी नावालाच मातीची. खरं तर ती डांबर आणि चुन्याची, विलायतेहून येणारी. पुढे विलायती माल मिळेना, तेव्हा शेठजींनी कुंभाराकडून तेवढेच मातीचे परळ करून घेतले. ते एक तर मशीनच्या हातातच फुटायचे, नाही तर छर्रे खाऊनही न फुटता डौलात गवतात जाऊन बसायचे.

शेठजींनी क्लब काढला, महूच्या छावणीतले एक निवृत्त कप्तानसाहेब शिकवायला आणले, आणि कुणाला काही येण्याआधीच महूच्या फौजी अफसरांशी सामना ठरवून टाकला. पाच जणांची टीम करायची होती. त्यातला एक त्यांनी न विचारताच धरून ठेवला होता, तो म्हणजे मी. "शिकारी का लड़का है, भिया," ते येईल त्याला सांगायचे, "निशाना तो इसके खून में है।"

ते खोटं नव्हतं. माझे वडील, आम्ही त्यांना आबासाहेब म्हणायचो, माळव्यातल्या एका सरदारांच्या पदरी शिकारीवर होते. सगळी उमर त्यांनी सरदारांच्या डाव्या हाताला उभं राहून काढली. तरी आमच्या घरात वाघाचं एकही कातडं नव्हतं, एक शिंग नव्हतं, भिंतीवर एक फोटो नव्हता. लहानपणी मला याचं फार वाईट वाटायचं, कारण मित्रांना दाखवायला काहीच नसायचं.

पहिल्या रविवारी कप्तानसाहेबांनी मला पुढे बोलावलं. तबकडी हवी असली की "पुल" म्हणायचं, खड्ड्यातला माणूस दोरी ओढेल, असं सांगितलं. मी "पुल" म्हणालो. तबकडी निघाली. मी बंदूक खांद्याला लावली, नळीच्या टोकावरची माशी तबकडीवर ठेवली आणि तिच्या मागोमाग अशी सुरेख फिरवत नेली की मागे कुणीतरी "वाह" म्हणालं. तबकडी वर गेली, थांबली, खाली आली, गवतात पडली. मग मी चाप ओढला. एक ढेकूळ उडालं.

लोक हसले. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार. पुन्हा "पुल" म्हणालो, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा कप्तानसाहेब माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "किसका इंतज़ार कर रहे हो?"

"किसी का नहीं, सर।"

"नहीं, किसी का तो है। बंदूक ठीक जगह पे है, आँख ठीक है। फिर भी तुम खड़े हो। कौन आने वाला है?"

माझे कान पेटले. कारण कोण येणार होतं ते मला ठाऊक होतं. आवाज येणार होता. दुसऱ्याच्या बंदुकीचा.

हे कळायला जोडबार म्हणजे काय ते सांगायला हवं. हा शब्द मी आमच्या घराबाहेर कुणाच्या तोंडून कधी ऐकला नाही. शिकारीत पहिला बार धन्याचा. त्याआधी कुणी बंदूक उचलायची नाही, हे तर सगळीकडेच होतं. पण धन्याचा नेम चुकला तर वाघ अंगावर येतो, आणि त्याहून वाईट म्हणजे पाहुण्यांसमोर धन्याची मान खाली जाते. म्हणून आबासाहेब शेजारी असायचे. दोघांच्या बंदुका एकाच बोअरच्या. जनावर दिसलं की आबासाहेब हलक्या आवाजात विचारायचे, "हुकूम?" सरदार मान हलवायचे. मग आबासाहेब जनावरावर नेम धरून थांबायचे आणि सरदारांचा बार उडाला की त्याच आवाजात आपला बार मिसळून टाकायचे. असा, की दोन आवाज कुणाला ऐकू येऊ नयेत. जनावर पडायचं. टाळ्या, हार, फोटो. आबासाहेबांची बंदूक तोवर उघडून रिकामी झालेली असायची, झाडलेल्या काडतुसाची पुंगळी कोटाच्या खिशात गेलेली असायची आणि चेहरा पुसून ठेवल्यासारखा कोरा. त्याला जोडबार म्हणायचं.

आई कोट धुवायला टाकताना खिसे तपासायची आणि पुंगळी निघाली की एका डब्यात टाकून द्यायची. कुणाची, कधीची, तिनं कधी विचारलं नाही. मला मात्र आबासाहेबांनी मोठं होता होता सगळं सांगितलं, कारण सरदारांच्या मुलाशेजारी पुढे मी उभा राहणार होतो. छर्ऱ्याच्या छोट्या बंदुका घेऊन आम्ही दोघं नाल्याकाठी जायचो. दगडावर डबे मांडायचे. ते आधी झाडणार, मी त्यांच्या आवाजात माझा आवाज घालायचा. दोन आवाज आले की ते नुसते माझ्याकडे बघायचे. रागवायचे नाहीत. एकच आवाज आला की म्हणायचे, "वा राजे." आमच्याकडे बापानं मुलाला लाडात राजे म्हणायची पद्धतच आहे, त्यात विशेष काही नाही. पण त्या एका शब्दासाठी मी वर्षानुवर्षं ते केलं. सराव म्हणतात तो हाच. बोटाला सांगावं लागत नाही, डोकं मधे येत नाही, आवाज आला की काम होतं. फक्त मी सरावानं जे कमावलं त्याचा जगात उपयोग उरला नव्हता. सरदार गेले, जहागीर गेली, सरदारांचा मुलगा मुंबईस जाऊन स्थायिक झाला. माझं बोट तेवढं कुणाची तरी वाट बघत राहिलं.

हे मी कप्तानसाहेबांना कसं सांगणार? म्हणालो, "सर, आदत नहीं है।" ते म्हणाले, "है। गलत आदत है, मगर पक्की है।"

पुढच्याच रविवारी ती आदत चारचौघांत दिसली. आम्ही ओळीत उभे होतो. ज्याची पाळी त्यानं "पुल" म्हणायचं. पुढची पाळी असेल त्यानं काडतूस भरून ठेवावं, पण बंदूक मोडून, उघडी ठेवावी, असा नियम. शेठजींची पाळी होती आणि त्यांच्यानंतर माझी. शेठजी "पुल" म्हणाले, तबकडी निघाली, त्यांनी बार काढला आणि तबकडीचा भुगा झाला. शेठजींनी त्याआधी एकही फोडली नव्हती. ते अक्षरशः नाचले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवायला गेलो, तेव्हा लक्षात आलं की माझी बंदूक बंद आहे आणि नळी गरम आहे.

खरं सांगतो, मी केव्हा ती मिटली, केव्हा उचलली, मला कळलंच नव्हतं.

कप्तानसाहेबांना मात्र कळलं होतं. त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि सरळ म्हणाले, "शेठजी, माफ़ कीजिए। वो आपकी नहीं थी।" मग माझी बंदूक काढून घेतली आणि पाळी सोडून बार काढणाऱ्याला फौजेत काय म्हणतात ते सगळ्यांदेखत सांगितलं. ते बरोबरच होतं. कुणाचा जीव गेला असता. पण मला त्या शिव्यांपेक्षा शेठजींचा चेहरा लागला. हार घातलेल्या माणसाच्या गळ्यातून हार काढून घ्यावा तसा तो झाला होता. दोन क्षण. मग शेठजी व्यापारी माणूस, खो खो हसले. "अरे भिया, बढ़िया है! महू में भी मेरे बाजू में खड़े रहना!" सगळे हसले. सोमवारी ऑफिसात ती गोष्ट माझ्याआधी पोचली होती. टायपिस्टनं विचारलं, "भिया, मेरी टायपिंग में भी साथ दे दोगे क्या?" मी मान खाली घालून काम करत बसलो. आमच्या घराण्यानं जे इतकी वर्षं झाकून ठेवलं ते मी एका सकाळी पोलोग्राउंडच्या चहाच्या टेबलावर आणून मांडलं होतं.

कप्तानसाहेबांनी मला काढून टाकावं अशी माझी इच्छा होती. त्यांनी उलट केलं. मला एकट्याला लवकर बोलवायला लागले. पहिल्या दिवशी बंदूक दिलीच नाही. म्हणाले, मोकळ्या माळाकडे तोंड करून नुसतं "पुल" म्हण. मी म्हणालो. ते म्हणाले, "ये तो तुमने अर्ज़ी दी। 'हुजूर, हो सके तो एक तबकड़ी।' हुक्म दो! तबकड़ी तुम्हारी है, बंदूक तुम्हारी है, किससे पूछ रहे हो?" सगळी सकाळ मी रानातल्या खाकऱ्याच्या झाडांना हुकूम देत उभा होतो. शेळ्या राखणारी एक बाई थांबून बघत होती. तिच्याकडे बघून माझा आवाज पुन्हा पडला आणि कप्तानसाहेबांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावलं.

त्यांची शिकवण अशी सगळी उलटी होती. नेम धरू नको, ते म्हणायचे. नेम धरलास की बंदूक थांबते, आणि तबकडी तुझ्यासाठी थांबत नाही. माशीकडे बघू नको, तबकडीची पुढची कड बघ. बंदूक तिच्या मागून आण, तिच्यापुढे काढ, चाप ओढ आणि ओढल्यावरही फिरवत राहा. एका सकाळी एकच कोन. डावीकडची तबकडी म्हणजे डावीकडचीच, कंटाळा येईपर्यंत. किती फुटल्या ते मोजायचं नाही, ते काम त्यांचं. चार छान फुटल्या की बंदूक काढून घ्यायचे. मी "और एक, सर" म्हणालो तर म्हणायचे, "अच्छे पे घर जाओ।" आणि चुकली की काय करायचं, हे तर त्यांनी सगळ्यांत जास्त घोटवून घेतलं. बंदूक उघड, पुंगळी पडू दे, गवताकडे बघ, श्वास सोड. मागे वळून कुणाचं तोंड बघायचं नाही. मी प्रत्येक चुकीनंतर मागे वळायचो. कोण हसतंय, कोण कुजबुजतंय, सगळं बघून घ्यायचो आणि ते सगळं घेऊन पुढच्या तबकडीला उभा राहायचो. मग ती फुटणार कशी? तिच्याकडे बघायला डोळ्यांत जागाच उरलेली नसायची.

शेवटी त्यांनी माझ्या कानांत कापसाचे बोळे घातले. "अब कोई आवाज़ नहीं आएगी। अब अपने आप चलाओ।" पहिल्या दिवशी कापूस घालून मला रडू आलं. इतका एकटा मी आयुष्यात कधी उभा राहिलो नव्हतो. पण तबकड्या फुटायला लागल्या.

घरी रिकाम्या बंदुकीनं सराव करायचा होता. भिंत आणि छत मिळतात त्या रेघेवरून नळी सुळकन न्यायची, डोळे मिटून बंदूक खांद्याला आणायची आणि डोळे उघडून बघायचं की गाल बरोबर टेकला आहे का. आणि प्रत्येक वेळी मोठ्यानं "पुल" म्हणायचं. आबासाहेब झोपाळ्यावर बसून बघत असायचे. पहिल्या दिवशी म्हणाले, "पूल पूल काय ओरडता, राजे? नदीला पूर आलाय का?" आई हसून हसून बेजार झाली. मग त्यांना चैन पडेना. उठून माझ्याजवळ यायचे, कोपर धरायचे आणि म्हणायचे, "हां. आता थांबा. घाई करू नका. आवाज येऊ द्या आधी."

मी थांबायचो. काय करू? कप्तानसाहेब जे माझ्यातून उपटून काढत होते ते हा माणूस प्रेमानं पुन्हा लावत होता. आणि त्यांना सांगायचं कसं, की आबासाहेब, तुम्ही शिकवलेलं चुकीचं आहे, शेठजींच्या शेजारी मी तुमची विद्या केली आणि चोरासारखी शिवी खाल्ली? मी त्यांच्यासमोर थांबायचो आणि माळावर थांबायचो नाही. घरी एक, बाहेर एक. दोन्ही ठिकाणी कान लाल.

टीम ठरायचा रविवार जवळ आला. चार नावं पक्की झाली होती. पाचव्या जागेसाठी मी आणि एक वकील, असे दोघं उरलो होतो. ती जागा मला हवी होती. शेठजींसाठी नव्हे, टायपिस्टला गप्प करायलाही नव्हे. कधी तरी एकदा, एक गोष्ट माझ्या नावानं फुटावी, एवढंच मला हवं होतं. आणि आबासाहेब म्हणाले, "मी येतो बघायला." त्यांना नको म्हणायची हिंमत आमच्या घरात कुणातच नव्हती. मला एकच भीती होती. मी कुठे तरी अडकेन, कप्तानसाहेब सवयीनं ओरडतील, "किसका इंतज़ार कर रहे हो?" आणि आबासाहेब ते ऐकतील.

ते आले ते फेटा बांधून, जुना खाकी कोट घालून, आणि आपली दुनळी घेऊन. कप्तानसाहेबांनी त्यांना कडक सलाम केला. मी सगळ्यांकडे बघत होतो आणि मला अभिमान वाटत होता, तोही दिसू नये म्हणून मी बुटाचे बंद बांधत बसलो. कप्तानसाहेब म्हणाले, "आप लाइन में खड़े हो जाइए, सर। लड़के के बाद एक राउंड आपका।" आबासाहेब माझ्या डाव्या हाताला उभे राहिले. नियम सांगितला तसं त्यांनी काडतूस भरून बंदूक उघडी ठेवली.

मी कानांत कापूस घातला. सुरुवात छान झाली. "पुल", आणि फुटली. "पुल", आणि फुटली. कड बघ, पुढे काढ, फिरवत राहा. मी मोजत नव्हतो. मग एक चुकली. बंदूक उघडली, गवताकडे बघितलं, श्वास सोडला. सगळं शिकवल्याप्रमाणे. दुसरी चुकली. या वेळी मी गवताकडे बघितलं नाही, डावीकडे बघितलं. आबासाहेब समोर बघत होते, पण त्यांचा जबडा आवळला होता. ते मी डोळ्यांत घेऊन पुढच्या तबकडीला उभा राहिलो. "पुल" म्हणालो ते माझं मलाही धड ऐकू आलं नाही. तबकडी उजवीकडे गेली, मी अडकलो, थांबलो, आणि फार उशिरा चाप ओढला. बंदूक थांबलेली होती. छर्रे तबकडीच्या खूप मागून गेले. हे हाताला कळतं, बघावं लागत नाही.

तबकडीचा धूर झाला.

टाळ्या वाजल्या. वकीलसाहेबांनीही वाजवल्या. माझ्या डाव्या गालाला गरम हवा लागली होती, लहानपणी नाल्याकाठी लागायची तशी. मी वळून बघितलं. आबासाहेबांची बंदूक उघडी होती. उजवा हात खिशात होता. आणि चेहरा पुसून ठेवल्यासारखा कोरा. तो चेहरा मी इतकी वर्षं नुसता ऐकला होता, बघितला त्या दिवशी पहिल्यांदा.

कप्तानसाहेब माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी एका कानातला कापूस काढला. त्यांनी विचारलं, "किसकी थी?"

माझी म्हणालो असतो तर जागा माझी होती. आबासाहेबांना तेच हवं होतं, त्यांनी आयुष्यभर कुणाला तरी तेच दिलं होतं. पण मला वाटलं, आज यांच्या एका बाराला यांचं नाव लागू दे. मला वाटलं, मी त्यांना काही तरी देतो आहे. मी मोठ्यानं म्हणालो, "आबासाहेबांची. इनकी थी, सर।"

आबासाहेबांची मान फेट्याखालपर्यंत लाल झाली. त्यांनी बंदूक काखेत घेतली आणि हात जोडले. माझ्या वडिलांना कुणापुढे हात जोडताना मी कधी पाहिलं नव्हतं. "नहीं, नहीं, साहब," ते म्हणाले, आणि तो आवाज मी ओळखलाच नाही, इतका तो मऊ, वाकलेला होता. "बार राजांचाच. हमने तो बंदूक उठाई भी नहीं। अपनी आँखों से देखा, राजांचाच बार."

राजे. घरातला लाडाचा शब्द. त्या क्षणी तो लाडाचा नव्हता. मी मुलगा नव्हतो, मी धनी झालो होतो, आणि माझा बाप माझ्या डाव्या हाताला उभा होता. मला जमिनीत जावंसं वाटलं. शिव्या खाल्ल्या तेव्हाही असं वाटलं नव्हतं.

कप्तानसाहेब भला माणूस. शेठजींच्या वेळी ते जसे कडाडले होते तसे कडाडले नाहीत. प्रेमानंच म्हणाले, "सर, ऐसा निशाना मैंने फौज में कम देखा है। एक अपने नाम से मारिए। बस, एक।" सगळे सरकून उभे राहिले. आबासाहेबांना नाही म्हणता येईना. ते पुढे झाले, पाय रोवले, काडतूस भरलं. "पुल" हा शब्द त्यांना ठाऊक होता, महिनाभर घरात ऐकत होते. पण तोंडातून आला तो त्यांचा स्वतःचा.

"हुकूम?" त्यांनी विचारलं.

खड्ड्यातल्या माणसाला काय, शब्द ऐकू आला, त्यानं दोरी ओढली. तबकडी नाकासमोर निघाली, सगळ्यांत सोपी. आबासाहेबांची बंदूक लोण्यातून यावी तशी वर आली आणि तबकडीवर जाऊन बसली. नळी तसूभरही हलली नाही. तबकडी वर गेली, थांबली, खाली येऊ लागली. नळी तिच्याबरोबर खाली येत राहिली. तबकडी गवतात पडली. आबासाहेब तसेच उभे होते.

कुणी हसलं नाही. मी त्यांच्या शेजारीच होतो. माझ्या हातात बंदूक होती, उघडी. मी नुसता आकाशात एक बार काढला असता तरी ती तबकडी फुटली असती.

ते माझ्याकडे वळले. रागानं नाही, लहान मूल तक्रार करतं तसं म्हणाले, "आवाजच आला नाही, बाळ."

उरलेल्या तबकड्या मी मारल्या. आबासाहेब लांब जाऊन कारखान्याच्या ट्रकपाशी पाठ करून उभे राहिले होते. मागे बघायला कुणी नव्हतं आणि बघायची इच्छाही नव्हती. मी हुकूम देत गेलो आणि त्या फुटत गेल्या. कप्तानसाहेबांनी पाचवं नाव माझं लिहिलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "आज तुमने किसी का इंतज़ार नहीं किया।" मी मान डोलावली.

परतताना आम्ही दोघं ट्रकच्या मागे बसलो, बंदुका मधे ठेवून. राऊ मागे पडलं. फेटा सोडून त्यांनी मांडीवर घेतला होता. मी महूच्या सामन्याचं काही तरी बोलायला सुरुवात केली आणि लाजून थांबलो. मग त्यांनीच विचारलं.

"एकट्यानं झाडताना भीती नाही वाटत?"

वाघापुढे पायी उभा राहिलेला माणूस मला हे विचारत होता, आणि खरंच विचारत होता. उत्तरासाठी माझ्याकडे बघत होता.

"वाटते की," मी म्हणालो.

त्या दिवशी मला मुळीच वाटली नव्हती. पण त्यांनी समाधानानं मान हलवली, खिशातून ती पुंगळी काढली आणि माझ्या हातात दिली. मी ती माझ्या खिशात टाकली.